पुणेरी पाटी लिहायचीय? आधी समोरच्याची सबब ऐका

सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी लिहितं की गेटसमोर परत कुणीतरी गाडी लावून गेलंय, एक मस्त पुणेरी पाटी लावूया का, आणि मग दहा मिनिटांत ढीगभर फॉरवर्ड येऊन पडतात, त्यातल्या कित्येक पाट्या कधी कुठल्या भिंतीवर लागलेल्याच नसतात, कुणीतरी काळा चौकोन करून त्यात पांढरी अक्षरं टाइप केलेली असतात एवढंच. वाचायला मजा येते, पण त्यांनी गाडी हलत नाही. मी नारायण पेठेत वाढलो, घरच्या आणि सोसायटीच्या मिळून पंधरा-वीस पाट्या आजवर लिहिल्यात, त्यातल्या काही चालल्या, काही अजिबात नाही चालल्या, आणि त्यातून जे कळलं ते इथे नीट लिहून ठेवतोय. ज्यांना खरोखर दारावर, गेटवर, दुकानात, अभ्यासिकेत पाटी लावायची आहे त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट म्हणजे पुणेरी पाटी म्हणजे उद्धटपणा हा समज आधी सोडा. ती का आली ते बघा ना. एका वाड्यात दहा-बारा बिऱ्हाडं, एक नळ, एक अंधारा जिना, सामाईक संडास, आणि दिंडी दरवाजा सरळ रस्त्यावर उघडणारा, म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक जण आत डोकावून पत्ता विचारणार. एकच गोष्ट दिवसातून वीसदा सांगायची. एकविसाव्या वेळी आवाज चढणारच. त्यापेक्षा एकदाच शांतपणे विचार करून, व्याकरण सांभाळून ते वाक्य लिहून टाकलेलं बरं. आणि शेजाऱ्याला तोंडावर बोलायची सोय नसते कारण उद्या सकाळी सहाला नळावर तोच भेटणार आहे, मग नाव न घेता लिहायचं. माझ्या मते पाटीचा सगळा स्वभाव यातूनच आलाय. भांडण टाळायला लिहिलेलं वाक्य आहे ते.

म्हणून लिहायला बसण्याआधी एक सकाळ फिरून या. जमलं तर रविवारी आठच्या आसपास, दुकानं उघडायच्या आत, कारण तेव्हा शटर खाली असतात आणि शटरवरच्या, कडीजवळच्या, जिन्याखालच्या पाट्या नीट दिसतात, दिवसा पुढ्यात उभ्या गाड्यांमुळे निम्म्या झाकलेल्या असतात. शनिपारावर चहा घ्या, सदाशिव पेठेतल्या आतल्या गल्ल्यांतून फिरा, लक्ष्मी रोड ओलांडून नारायण पेठेत पत्र्या मारुतीकडे या आणि केळकर रोडने अप्पा बळवंत चौकात निघा. वाटेत आणि आजूबाजूच्या पेठांत देवळांची नावंही बघत जा. जिलब्या मारुती, उपाशी विठोबा, भिकारदास मारुती, पासोड्या विठोबा, गुपचूप गणपती, खुन्या मुरलीधर. ज्या गावाने देवांना अशी नावं दिली त्याला नेमका शब्द सापडेपर्यंत चैन पडत नाही हे आपोआप कळतं, आणि पाटीलाही तोच नेमका शब्द लागतो.

फिरताना एक गोष्ट मुद्दाम तपासा. चांगल्या पाटीत आधी माहिती असते, टोमणा नंतर, आणि कित्येकदा टोमणा नसतोच. "दुपारी १ ते ४ बंद" यावर किती विनोद झाले, पण ती साधी माहिती आहे, उन्हात बाजीराव रोडपर्यंत येऊन शटर बघायला लागू नये म्हणून दिलेली. (चितळे बंधूंचं दुकान २०१७ पासून दुपारीही उघडं राहायला लागलं, तेव्हा त्याची बातमी झाली होती. एका दुकानाच्या वेळेला शहराच्या मनात एवढी जागा असते, ती त्या पाटीने मिळवलेली आहे.) तर माहितीत वेळ, जागा, आकडा, कोणता मजला, कोणती बेल, हे आधी. ते नसेल तर वाक्य कितीही खमंग असू दे, भिंतीवर लावू नका.

आता लिहायचं कसं.

वहीचं एक पान घ्या, वर तुमची अडचण एका ओळीत लिहा. त्याखाली, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, समोरचा माणूस त्यावर काय सबब सांगतो ते लिहा, अगदी त्याच्याच शब्दांत. "दोनच मिनिटं लावतोय." "फक्त विचारायचं होतं." "सुट्टे नाहीत हो." "देवासाठी घेतोय." "बेल वाजली की नाही कळलं नाही." "मी इथलाच आहे." एक आठवडा लक्ष ठेवलंत तर पाच-सहा सबबी सहज जमतात आणि त्यातली एक परत परत येते. तीच तुमची पाटी. कारण पाटीचं पहिलं वाक्य नियम सांगतं आणि दुसरं वाक्य समोरच्याच्या ओठावर आलेली सबब, तो बोलायच्या आधीच, संपवून टाकतं. एवढंच आहे सगळं. वाचणारा हसतो ते शब्दांमुळे नाही, आपण पकडले गेलो म्हणून हसतो.

आमच्या गेटचंच उदाहरण देतो, कारण त्याचे तीन खर्डे झाले. पहिल्यांदा नुसतं "नो पार्किंग" लिहिलं. कुणी वाचलं नाही, असे बोर्ड दर चार पावलांवर असतात, डोळ्यांना दिसेनासे झालेत ते. दुसऱ्यांदा सगळे लिहितात तेच लिहिलं, गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल. आता यात दोन घोटाळे आहेत. एक तर दुसऱ्याच्या गाडीची हवा सोडणं हे नुकसान करणं झालं, उद्या त्याने तक्रार केली तर तुमचीच पाटी तुमच्या विरुद्ध पुरावा. आणि दुसरं, नीट विचार करा, हवा सोडलेली गाडी हलणार कशी? ती तर तुमच्याच गेटसमोर अजून तीन तास उभी राहणार. जी धमकी आपण पाळणार नाही किंवा पाळली तर आपल्यालाच त्रास होईल ती लिहू नये. मग तिसऱ्यांदा सबबींची वही काढली आणि हे लिहिलं:

हे फाटक रोज उघडते, समोर गाडी लावू नये.
मागच्या 'दोनच मिनिटं'वाल्यांची पावणेदोन तास वाट पाहिली.

ते पावणेदोन तास खरे आहेत, आईला स्टेशनला सोडायचं होतं त्या दिवशी. खरा आकडा घालाच, गोल आकडा घातला की थाप वाटते, पावणेदोन वाचलं की माणसाला कळतं की इथे खरंच कुणीतरी घड्याळ बघत उभं होतं.

भाषेत बहुतेक लोक घसरतात ते इथे. "गाडी लावू नका" आणि "गाडी लावू नये" यात फार मोठा फरक आहे. "लावू नका" म्हणजे मी तुम्हाला सांगतोय, समोरासमोर, मग लगेच "तुम्ही कोण सांगणारे" येतंच. "लावू नये" मध्ये मीही नाही आणि तुम्हीही नाही, जणू पंचांगात लिहिलंय, अमुक तिथीला अमुक करू नये, वाद कुणाशी घालणार? शाळेत विध्यर्थ शिकवला होता तो हाच, दार लावावे, चपला बाहेर काढाव्यात, रांग मोडू नये. पेठेतली पाटी त्याच्यावर उभी आहे. त्यात माणसाचा अपमान होत नाही, फक्त कृतीबद्दल बोललं जातं, म्हणून ती कडक वाटली तरी सभ्य राहते.

पण मग अनेकवचन सांभाळा. फूल तोडू नये, फुले तोडू नयेत. गाडी लावू नये, गाड्या लावू नयेत. हे चुकलं की पाटीचा दरारा तिथेच संपतो, येणारा-जाणारा गाडी बाजूला ठेवून आधी तुमचं मराठी सुधारायला लागतो. "सूचना" मधला सू दीर्घ आहे, आणि ही चूक तर पाटीच्या पहिल्याच शब्दात होते. "कृपया" चालतं, पण एकदाच आणि सुरुवातीला. शेवटी "धन्यवाद" नको, त्याने अजून काही केलेलं नाही. उद्गारचिन्हं तर एकही नको, तीन-तीन उद्गारचिन्हं म्हणजे आवाज चढला, आणि आवाज चढू नये म्हणून तर आपण पाटी लावतोय. एक टिंब पुरतं.

काही नमुने देतो, सगळे माझ्या वहीतले, वापरायचे तर वापरा पण तुमची सबब वेगळी असेल तर दुसरं वाक्य बदला.

सकाळी फिरायला निघालेली मंडळी पिशवी घेऊन दुसऱ्याच्या कंपाउंडमधली जास्वंद तोडतात, हा आमच्याकडे रोजचा प्रकार. सबब ठरलेली, देवासाठी. म्हणून:

देवासाठी फुले तोडू नयेत.
देव या घरातही आहेत.

याने खरंच फरक पडला, एक आजी तर बेल वाजवून विचारून दोन फुलं घेऊन गेल्या आणि नंतर दर चतुर्थीला विचारायला लागल्या, आम्ही कधी नाही म्हटलं नाही.

जुन्या वाड्यातल्या नळासाठी लिहिलेली, आता वाडा नाही पण पाटी मी जपून ठेवलीय:

पाणी भरून झाल्यावर नळ बंद करावा.
पाणी खडकवासल्याहून येते, परत जात नाही.

अभ्यासिकेसाठी एका मित्राला करून दिली होती. सदाशिव-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत आणि सगळीकडे रडगाणं एकच, सकाळी रुमाल टाकून जागा अडवायची आणि दोन तास चहाला जायचं:

जागा वाचणाऱ्यासाठी आहे. रुमालाला वाचता येत नाही.

मेससाठी:

पोळ्या हव्या तितक्या घ्याव्यात. टाकलेल्या मोजल्या जातात.

वाचनालयासाठी:

पेपर वाचून झाल्यावर घडी नीट घालावी.
पुढच्यालाही तो आजचाच वाटला पाहिजे.

आणि कुत्र्याची:

कुत्रा बांधलेला आहे. दोरी लांब आहे.

यात दुसरं वाक्य कुठेच लांब नाही हे बघा. दोन वाक्यं, फार तर वीस शब्द. तिसरं वाक्य सुचतं, नेहमी सुचतं, आणि ते सगळ्यात चमकदार वाटतं, ते खोडा. स्कूटर चालू ठेवून एक पाय खाली टेकलेला माणूस वाचणार आहे, त्याच्याकडे तेवढाच वेळ असतो.

काय लिहू नये तेही सांगतो आणि यात मी अजिबात सूट देत नाही. कुणाचं नाव नाही, फ्लॅट नंबर नाही, "तिसऱ्या मजल्यावरचे" असं सुचवणं पण नाही. जात, गाव, भाषा, बायका, भाडेकरू, डिलिव्हरीवाली मुलं, कामाला येणाऱ्या मावशी, यांच्यावर टोमणा नाही. "डिलिव्हरी बॉयने लिफ्ट वापरू नये" अशा पाट्या दिसतात, त्यांना पुणेरी म्हणून मिरवू नका, तो नुसता कमीपणा दाखवणं आहे. पाटी नेहमी बरोबरीच्या माणसाशी बोलते, किंवा आपल्यापेक्षा दांडग्याशी. आणि गेटच्या पाटीखाली बारीक अक्षरात "ॲम्ब्युलन्स व सिलेंडरच्या गाडीस लागू नाही" एवढं जरूर घाला.

कायद्याचंही थोडं. रस्ता सार्वजनिक असेल तर तिथे नो पार्किंग जाहीर करायचं काम वाहतूक पोलिसांचं, आपण नाही करू शकत, म्हणून "पोलिसांच्या आदेशावरून" वगैरे खोटं लिहू नका. पण कुणाचा जाण्या-येण्याचा रस्ता अडवून गाडी लावणं नियमात बसत नाही, त्याची तक्रार करता येते, आणि तेवढं खरं आहे ते पुरेसं आहे. दुकानदारांसाठी वेगळं: महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही नावाचा बोर्ड मराठीत, देवनागरी लिपीत लागतो आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. आता बरीच दुकानं इंग्रजी नावच देवनागरीत लिहून मोकळी होतात. पण काउंटरवरची छोटी पाटी असते ना, उधारी, सुट्टे पैसे, माल परत, ती तुमची स्वतःची मराठी आहे, ती मनापासून लिहा. "भाव एकच आहे, दुसऱ्यांदा विचारला तरी" एवढं लिहिलं तरी गिऱ्हाईक हसतं आणि घासाघीस थांबते.

करून घेताना शक्य असेल तर पेंटरकडूनच करून घ्या. पत्र्यावर आधी प्रायमर, मग काळा ऑइल पेंट, वाळला की पांढरी अक्षरं. पिवळीही चालतात. लाल अक्षरं उन्हात आधी फिकी पडतात, दोन उन्हाळ्यांनी नियम गायब आणि चौकट तेवढी शिल्लक. अक्षराच्या उंचीचा साधा हिशोब असा की दहा फुटांवरून आरामात वाचायचं असेल तर साधारण एक इंच, रस्त्याच्या पलीकडून वाचायचं असेल तर अडीच-तीन इंच. पेंटर खडू लावलेली दोरी ताणून आधी शिरोरेषा मारतो ते बघायला उभे राहा, त्याला जागेचा अंदाज तुमच्यापेक्षा चांगला असतो, तो म्हणाला की एक शब्द कमी करा तर करा. असे हाताने लिहिणारे पेंटर आता कमी उरलेत, त्यांना काम दिलंत तर माझ्यासारख्याला बरं वाटेल.

फ्लेक्स किंवा स्टिकर करणार असाल तर एक धोका आहे. तुम्ही मोबाइलवर टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि प्रिंटिंगच्या दुकानातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो पेस्ट केला की जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, रफार उडतो. माझी एक पाटी अशीच आली, "कृपया" चे तीन तुकडे आणि "विद्यार्थ्यांनी" तर वाचताच येईना, आणि प्रिंट निघून गेली होती, पैसे गेले. तेव्हापासून मी मजकूर पीडीएफ करून देतो आणि मोठी प्रिंट काढायच्या आधी साध्या कागदावर एक काढून घेतो, ती घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावतो. आपली चूक आपल्याला दिसत नाही.

लावायची कुठे, तर जिथे हात जातो तिथे. बेलची पाटी बेलच्या वर, दाराच्या मध्यावर नाही. चपलांची पाटी गुडघ्याच्या उंचीवर, कारण चप्पल काढताना माणूस खाली बघतो. गेटची पाटी दुचाकीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. एका दारावर एकच. पाच पाट्या एकत्र लावल्या की कुणी एकही वाचत नाही आणि घर रागीट दिसतं.

पुण्याबाहेरच्या मित्रांनी पेठेची नक्कल करावी असं मला वाटत नाही. नागपूरच्या गेटवर "गाडी इथं नको लावू ना बे" हेच जास्त शोभेल, सिंधुदुर्गात "गाडी हयसर लावू नकात" लिहिलं तर तिथला माणूस थांबून वाचेल, आपल्या बोलीतलं भिंतीवर दिसलं की माणूस थांबतोच. सबब ऐकून दुसरं वाक्य लिहायची पद्धत मात्र कुठेही चालते.

अजून एक काम सगळ्यांना सांगतो. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे गेले, नंतर उरलेले एकेक करून रीडेव्हलपमेंटला गेले आणि त्यांच्याबरोबर जिन्याखालच्या, नळावरच्या, कोनाड्यातल्या पाट्याही राडारोड्यात गेल्या. तुमचा वाडा, जुनी बिल्डिंग पडणार असेल तर आधी सगळ्या पाट्यांचे फोटो काढा, समोरून एक आणि जागेसकट एक, म्हणजे ती कशाच्या वर लावली होती ते कळेल, सोबत गल्ली आणि तारीख लिहा. पत्र्याची असेल तर स्क्रू काढून सरळ घरी आणा. घरमालकाला विचारून. आमच्या नळाची पाटी मी अशीच आणली, ती आता बेसिनच्या वर आहे.

आणि पाटी लावून झाली की काम संपलं असं समजू नका. दोन आठवडे अधूनमधून समोरच्या फुटपाथवर उभे राहून बघा. कुणी थांबलं, वाचलं, जरासं हसलं आणि स्कूटर पुढे नेऊन लावली तर पाटी चालली. कुणी थांबलं, हसलं, मोबाइल काढून फोटो घेतला आणि गाडी तिथेच लावून गेलं, तर वही काढा आणि दुसरं वाक्य परत लिहा.